आबांच्या दारासमोरचा दगड

मी एक जुना काळा दगड आहे. मित्रांनो, वाटेत ठेच लागली म्हणून तुम्ही ज्यांच्यावर रागावता, त्यांच्यातलाच मी. पण मी सहजासहजी जागचा हलत नाही. वाऱ्यालाही मी तसे बजावून ठेवले आहे.

माझा जन्म पाटणच्या डोंगरातला. पाथरवटाने मला छिन्नीने घडवले आणि नदीकाठच्या एका घराच्या जोत्यात बसवले. पुढे धरण झाले. गाव पाण्याखाली जाणार, म्हणून माणसे भांडीकुंडी घेऊन वर निघाली. त्या घरातल्या नाथाजीला तेव्हा मिसरूडही फुटले नव्हते. त्याने मला खांद्यावर घेतले. धोंडा कशाला, असे बापाने विचारले, तर म्हणाला, घराचे काहीतरी घरात नको का?

वर सगळा उघडा माळ. झाड नाही, आडोसा नाही. धरणाच्या पाण्यावरून सुटलेला वारा थेट घरावर आदळायचा. म्हणून मला पत्र्यावर ठेवले. शेजाऱ्यांचे पत्रे उडाले, आमचा कधी हलला नाही. दगड लय गुणाचा, असे लोक म्हणत.

नाथाजीचे आता आबा झाले आहेत. थोरला मुलगा सैन्यात, घर त्याची बायको संयोगिता सांभाळते. यंदा तिने घर दुरुस्त केले आणि आबांसाठी एक खोली वाढवली. पत्रे बोल्टने आवळले आणि मला खाली टाकले. माझ्या कमरेला शेळीची दोरी आली. शेळीने किती ओढले, पण मी हललो नाही.

खोलीचे दार मात्र संयोगिताने पाण्याकडे ठेवले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बुडालेल्या गावाची जोती उघडी पडतात. ती आबांना खाटेवरून दिसावीत, एवढाच तिचा हट्ट होता. माधवनगरहून आलेल्या धाकट्या दिराने, आप्पासोने, बजावले की वाऱ्यापुढे खोली टिकली नाही तर पावसाआधी तो आबांना घेऊन जाणार. त्या दिवशी आबांची भाकरी ताटात तशीच राहिली.

आणि वळवाच्या वाऱ्याने डाव साधला. दारातून आत घुसून त्याने पत्रे खालून उचलले. कोपऱ्यातला एक उखडून अंगणात पडला.

"वहिनी, हितं कोंबडीबी टिकत न्हाई," आप्पासो म्हणाला. "दार तरी मागं फिरवा."

"कोंबडी उडाली असंल, भावजी. आमी माणसं हाय. दार फिरायचं न्हाई. वाऱ्यानं वाट बदलावी."

वारा पाण्यावरून येतो खरा, पण अगदी समोरून नाही, डोंगराच्या खिंडीतून तिरका येतो, हे तिने नीट पाहिले. समोरचे पाणी दिसत राहील अशा बेताने दाराच्या एका अंगाला तिने आडभिंत घालायला घेतली. आबा काठी टेकत आले. माझी दोरी सोडून त्यांनी माझ्यावरून हात फिरवला.

"ह्यो तळाला घाल, पोरी. त्याला जोत्याची सवय हाय."

मला उचलताना आप्पासोला घाम फुटला. "आबा, तुमी एकट्यानं आणला व्हय ह्यो?"

"तवा तू न्हवतास अडवायला."

भिंत उभी राहिली, पत्रा पुन्हा आवळला. पुढचा वारा चवताळून आला, भिंतीवर आपटला आणि कडेने निघून गेला. बोल्टसुद्धा करकरला नाही. आप्पासो माधवनगरला गेला तो एकटाच.

मित्रांनो, घरे नवी करा, वाढवा. पण जुना दगड फेकण्याआधी, आजवर त्याने काय काय पेलले हे जरा आठवा. बाहेर पुन्हा आभाळ भरून आले आहे. आबा खाटेवर बसून भाकरी खात आहेत आणि दार सताड उघडे आहे. येऊ दे त्या वाऱ्याला.