उजाडेपर्यंत चालू

चाळिशी गाठेपर्यंत कैलाशचं एकाही यंत्राशी पटलं नव्हतं. एटीएमसमोर उभा राहिला की त्याच्या तळहाताला घाम सुटायचा आणि मागच्या माणसाला तो म्हणायचा, "भाऊ, जरासक दाबून दे ना." फोन आला तर उचलायचा, बाकी मोबाइलचं सगळं पोरगी गुंजन बघायची. धानाच्या शेतीत तो कोणाला हार जाणारा नव्हता, पण चार बटणं दिसली की गडी गारद.

म्हणून शाळेतल्या रीता मॅडमनी 'घरचा वर्ग' काढला तेव्हा तो जायला तयारच नव्हता. दर शनिवारी शाळा सुटल्यावर पोरांनी आईबापाला घेऊन यायचं आणि दोघांनी मिळून कोडिंग शिकायचं, असा तो वर्ग. दिघोरीकडच्या त्या लहानशा गावात अशी गोष्ट पहिल्यांदाच होत होती. मॅडम भंडाऱ्याच्या, वयानं तरुण, पण समोरच्याला ओशाळं न करता शिकवायची हातोटी त्यांच्याकडे होती. सातवीतल्या गुंजननं बापाला अक्षरशः ओढत नेलं.

पहिल्या दिवशी मॅडमनी संगणक उघडलाच नाही. म्हणाल्या, "आज कैलाशभाऊ मशीन आहेत. गुंजन, यांच्याकडून रोवणी करून घे. मशीनला सांगशील तेवढंच कळतं, हे ध्यानात ठेव." गुंजन सांगत गेली, वाक, रोप लाव, एक पाऊल मागं सरक, पुन्हा तेच. कैलाश मागं सरकत सरकत भिंतीवर जाऊन आदळला, कारण थांबायचं कधी हे पोरीनं सांगितलंच नव्हतं. सगळा वर्ग पोट धरून हसला आणि तोही हसला.

"आता चूक कोणाची ते शोधायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "चूक कुठं आहे ते शोधायचं. एकेक पायरी मागं जायचं आणि जिथं गाडी अडली तिथं थांबायचं."

हे बोलणं कैलाशला फार आवडलं. आजवर लोकांनी त्याला चूक कोणाची एवढंच सांगितलं होतं, आणि ती बहुतेक वेळा त्याचीच निघायची. त्या दिवसापासून शनिवार आला की तोच पोरीच्या मागं लागायचा, "चाल ना वं, उशीर होऊन राहिला."

धान पोटरीत आलं तशी जंगलातली रानडुकरं उतरू लागली. डुक्कर खातं थोडं आणि लोळून नासवतं जास्त. गुंजननं शाळेच्या किटमधून एक डबी तयार केली. तिला दोन डोळे होते. एक डोळा हालचाल ओळखायचा, दुसरा उजेड. अंधार असेल आणि काही हललं, तर भोंगा वाजव, एवढंच तिनं डबीला सांगितलं होतं. अंधाराची परीक्षा तिनं भरदुपारी घरातच घेतली. डबीवर आईची गोधडी टाकली, आत हात हलवला आणि भोंगा असा बोंबलला की तिच्या आईच्या, रुपाच्या हातातून पातेलं सुटलं. मॅडमनी शाबासकी दिली. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खांब रोवून कैलाशनं डबी बसवली आणि आल्यागेल्याला दाखवत सुटला, "माया पोरीनं बनवली. दिवस निंघाला का आपोआप बंद होते."

आपोआप या शब्दाचं त्याला वेडच लागलं होतं म्हणा ना.

थोडे दिवस डुकरं पळाली. मग त्यांना कळलं की हा नुसताच ओरडतो. एका सकाळी कैलाश गेला तर धानाची अर्धी बांधी आडवी झालेली होती आणि खांबाखालीच डुकराची ताजी लेंडी पडलेली. त्याच्या मस्तकात तिडीक गेली. पोरीच्या मेहनतीवर जनावर हगून गेलं, हे त्याला धानाच्या नुकसानीपेक्षा जास्त लागलं.

त्यानं शेताभोवती उघडी तार ओढली. घरी कोणाला न सांगता भोंगा काढून खांबावरच्या खिळ्याला नुसता टांगला आणि भोंग्याच्या जागी मोटारीच्या लाइनीचा करंट जोडला. कुंपणात करंट सोडणं गुन्हा आहे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पलीकडच्या गावातला एकजण त्यापायी तुरुंगात होता. पण तो म्हणजे आडमुठा, रात्रंदिवस करंट सोडून ठेवणारा. आपलं तसं नाही. आपली डबी शहाणी आहे, रात्री जनावर आलं तरच चालू होणार आणि सकाळी स्वतःहून बंद होणार. अशी स्वतःची समजूत घालायला त्याला फार वेळ लागला नाही.

एकच गोष्ट अडत होती. जनावर डबीच्या डोळ्यासमोरून जायचं आणि तारेपाशी पोचेपर्यंत डबी पुन्हा बंद व्हायची. पुढच्या शनिवारी त्यानं वर्गात हात वर केला. "म्याडम, एकदा चालू झालं का मंग फटफटेपर्यंत बंदच नाई झालं पायजे, तं का करावं?"

कशासाठी, हे मॅडमनी विचारलं नाही. प्रश्न कोणताही चालतो, हाच त्यांच्या वर्गाचा नियम होता. त्या म्हणाल्या, "तुम्हीच शोधा. गुंजन, तू गप बस." कैलाशनं ओठ चावत चावत पडद्यावरचे ठोकळे सरकवले. 'बंद कर' उचलून 'उजेड झाला तर'च्या पोटात ठेवला. सोबत आणलेल्या डबीत भरून पाहिलं. चाललं! मॅडमनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. गुंजन सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं.

सुरुवातीला तो पहाटे उठून स्वतः जायचा आणि तार काढायचा. दर वेळी डबी आधीच बंद झालेली असायची. मग त्यानं जाणं सोडलं.

धान कापून भारे उचलले की ती बांधी सगळ्यांची होते. खाली पडलेली लोंबं वेचायला, म्हणजे सरव्याला, कोणीही यावं, मालकाला विचारायचं काम नाही. गावात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. कैलाशनं वरची बांधी कापली, भारे खळ्यावर नेले, खालच्या बांधीतलं धान उभंच होतं, म्हणून तार राहू दिली. दुसऱ्या दिवशी बाया सरव्याला येणार हे त्याला ठाऊक होतं. पण बाया येणार दिवस वर आल्यावर. तोवर डबी बंद.

त्या सकाळी धुकं पडलं. असं की बोडीच्या पाळीवरून बोडीतलं पाणी दिसेना. गाव उठलं, चुली पेटल्या, गाई सुटल्या, आणि दुर्गाबाई ओटी खोचून नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी सरव्याला निघाली. शेजारच्या सेवकरामची ही म्हातारी आई. घरी खाण्यापिण्याला काही कमी नव्हतं, पण पडलेलं धान मातीत जाऊ द्यायचं नाही, हा तिचा हट्ट. गुंजनला लहानपणी तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं.

खालची बांधी कापायला निघालेल्या कैलाशला ती धुऱ्यावर पालथी पडलेली दिसली. तार तिच्या पायाखाली होती. उजवी मूठ घट्ट मिटलेली, मुठीत लोंबं, आणि ती लोंबं काळी पडलेली. त्यानं वर पाहिलं. सूर्य कुठंतरी होता, पण धुकं गोधडीसारखं खाली आलेलं. डबीच्या हिशेबानं अजून रात्रच होती.

आणि मग या माणसानं काय केलं? आधी करंट तोडला, ते बरोबरच. मग तार गुंडाळून धानाच्या तणशीच्या ढिगात लपवली. मग खिळ्यावरचा भोंगा काढून पुन्हा डबीला जोडला. एवढं सगळं झाल्यावर तो ओरडला, "धावा रे, काकी पडली!"

वय झालेलं होतं. मूठ कोणी उघडली नाही. सेवकराम म्हणाला, आता मायची चिरफाड नको. डबीचा खांब जवळच, त्यावर भोंगा टांगलेला, त्यामुळं लोकांनी आपापसात ठरवून टाकलं की धुक्यात भोंगा एकदम बोंबलला आणि म्हातारीनं धसका घेतला. कैलाशनं तिरडीला खांदा दिला. सेवकराम त्याच्या गळ्यात पडून रडला, "तू होता म्हनून निभावलं रे."

गुंजनच्या भोंग्यानं बुढी मेली, असं गाव बोलू लागलं. शाळेच्या बैठकीत घरचा वर्ग बंद झाला. पोरं गुंजनच्या बाजूला बसेनात. तिनं अन्न टाकलं. रुपा घास घेऊन मागं फिरायची आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "माया हातानं आजी मेली, माय." कैलाश हे ऐकायचा. रोज ठरवायचा की आज सांगू, आणि रोज तुरुंग डोळ्यासमोर यायचा, मागं राहिलेल्या बायकापोरीचं काय, हे यायचं. खरं तर त्याला स्वतःचीच भीती वाटत होती. बायकापोरीचं निमित्त होतं.

शेवटी रीता मॅडमच दुपारच्या घरी आल्या. ओसरीवर गुंजनच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि पर्समधून खडू काढला.

"मला माहीत नाही काय झालं," त्या म्हणाल्या. "तुलाही नाही. आपण शोधलंय कुठं? नुसतं मानलंय. चल, मागं जाऊ."

गुंजननं खडूकडे पाहिलं. मग घेतला. फरशीवर तिनं एक चौकोन काढला. "आजी आली." दुसरा. "डोळ्यानं पायलं." तिसरा. "भोंगा वाजला." आणि तिथं तिचा हात थांबला. "माय, तुले भोंगा आयकू आलता का त्या दिवशी?"

रुपा विचारात पडली. भोंगा घरापर्यंत ऐकू यायचा, एकदा त्यापायी तिची झोपमोड झाली होती. "नाई वं," ती हळू बोलली. "त्या दिवशी तं नाई आला."

कैलाश दारातल्या खांबाला टेकून उभा होता. 

"म्हंजे वाजलाच नाई," गुंजन म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात धार आली. "डबी बिघडली होती का? नाई, मी दुसऱ्या दिवशी गोधडी टाकून हात हलवला, चालू होती. भोंगा बिघडला होता का? तोयी वाजला." तिनं डबी आणि भोंग्याच्या मधल्या रेघेवर खडू ठेवला. "दोनी चांगले, तरी वाजला नाई. मंग त्या दिवशी भोंगा डबीले लागलाच नोता. कोनं तरी..."

"म्या काढलता," कैलाश म्हणाला.

 तो खाली बसला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, तार, करंट, तणशीचा ढीग, काकीची मूठ. रुपानं पदर तोंडात कोंबला. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. शनिवारच्या त्या टाळ्या त्यांना आठवल्या असणार, कारण त्या स्वतःच्या हातांकडेच बघत राहिल्या.

"पोरी, तुही काईच चूक नाई," कैलाश म्हणाला. त्याला खरोखर वाटलं की छातीवरचा धोंडा उतरला, आता पोरगी रडेल, शिव्या देईल, पण जेवेल. "सगळं म्या केलं. मी आता सेवकरामकडं जातो, मंग पोलिसात जातो."

गुंजन रडली नाही. तिनं बापाकडे पाहिलंही नाही. ती फरशीवरच्या चौकोनांवरून बोट फिरवत आणखी मागं गेली आणि डबीच्या दुसऱ्या डोळ्यापाशी, उजेडाच्या डोळ्यापाशी थांबली.

"पन तवा दिवस निंघाला होता ना, बाबा?"

"हो. पन धुकं होतं."

"मंग करंट चालू कसा?"

कैलाशला उत्तर येत होतं. 

"मी गोधडी टाकून पायलं होतं," गुंजन म्हणाली. "गोधडी म्हंजे रात, एवढंच मी त्याले शिकवलं. धुकं म्हंजे रात नसते, हे मी सांगतलंच नोतं."

"गुंजन, तसं नसतं बेटा," मॅडम म्हणाल्या. चूक कोणाची ते शोधायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. आज ते म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

कैलाशनं खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि बाहेर पडला. सेवकरामच्या अंगणात म्हातारीनं आधीच्या दिवसांत वेचलेला सरवा सुपात वाळत घातलेला होता. फाटकाशी त्याच्या मागं पावलं वाजली.

"घरी जाय," तो म्हणाला.

"मी बी येतो, बाबा."

"तुहं इथं काई काम नाई वं. जाय मनतो ना."

"धुक्याचं मले सांगा लागन," गुंजन म्हणाली, आणि त्याच्या आधी फाटक ढकलून आत गेली.