कान तपासायची खोली

मित्रांनो, मी एक जुनी खोली आहे. खोली कसली, कपाटाची थोरली बहीण! सांगलीत विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात मी उभी आहे आणि माझ्यात बसवून लोकांचे कान तपासतात. सुतारांनी माझ्या भिंतींत जाड लोकर ठासली. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती लोकरीत शिरली की तिथेच विरते आणि जाता जाता अगदी नखभर ऊब देते. दार लावलं की रस्त्यावरच्या गाड्या गप्प. मग आत बसलेल्याला स्वतःचा श्वास ऐकू येतो, गिळलेला आवंढासुद्धा. जिवंत माणूस आत असताना पूर्ण शांतता मीही कधी अनुभवलेली नाही.

पूर्वी माझं फार कौतुक व्हायचं. आता दाराचं रबर झिजलंय आणि माझ्या कोपऱ्यात औषधांची खोकी रचतात. राग येतो, पण सांगायचं कुणाला?

मागच्या उन्हाळ्यात कुंडलचे लालासाहेब आले. तोफखान्यात नोकरी करून कान गमावलेले, तरी "मला समदं ऐकू येतंय" हा हट्ट. सोबत त्यांच्या पत्नी शालूबाई. आवाज आला की बटण दाबायचं, असं तपासणाऱ्या पल्लवीने सांगितलं. लालासाहेबांनी माझ्या काचेच्या खिडकीतून बाहेर मशीनवरच्या तिच्या हातावर नजर ठेवली आणि हात हलला की बटण दाबलं. पल्लवीही वस्ताद! तिने आवाज न सोडताच हात हलवला. साहेबांनी दाबलं बटण.

पल्लवी हसली नाही. तिने शालूबाईंना आत बसवलं. "आजी, तुम्हीच बोला त्यांच्याशी. अगदी मोठ्यानं. बाहेर काही ऐकू येत नाही."

"खरंच भायेर जात न्हाई?" शालूबाईंनी दोनदा विचारलं. दार लागलं. मग त्या नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "आवं, माझ्या काखंत गाठ हाय. दोन महिनं झालं!"

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"बाईमाणसाचं दुखणं गल्लीला ऐकू जाईल असं वरडू व्हय?"

लालासाहेब तडक उठले. बाहेर येऊन पल्लवीला म्हणाले, "पोरी, कानाचं मशीन आजच बसव. हिला डाक्टरकडं न्यायचं हाय. त्यो काय सांगतोय, ते मला ऐकाय पायजे."

इतकी वर्षं मला वाटायचं, शांतता फक्त मलाच बनवता येते. शालूबाईंनी एकट्याने बनवलेली शांतता माझ्या भिंतींपेक्षा जाड होती, आणि तिचं मला फार वाईट वाटलं. मित्रांनो, घरातलं कुणी कमी बोलायला लागलं, तर 'स्वभावच शांत आहे' म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसा, विचारा.

ऑपरेशन करून गाठ वेळेत काढली. परवा दोघं मशीन तपासायला आली होती. माझ्यात बसून शालूबाई काहीतरी सांगत होत्या आणि साहेब लाजून हसत होते. त्या इतकं हळू बोलत होत्या, की ते मलासुद्धा ऐकू आलं नाही.