पात्याची टकटक

बाल्दोमेरो काही मदनाचा पुतळा नव्हता. टक्कल, सुटलेलं पोट, नाकावरून घसरणारा चष्मा. पण आमच्या चिरुटाच्या कारखान्यात कामगारांना वाचून दाखवायला नेमलेला तो उंच खुर्चीवर बसून हवानाहून आणलेली कादंबरी वाचू लागला की चिरूट वळणाऱ्या बाया जिवाचा कान करून ऐकत, आणि तिथंच चिरूट वळणाऱ्या इलारियोच्या अंगाचा तिळपापड होई. इलारियोची बायको नेरेइदा त्याच्या शेजारीच बसायची. नवऱ्यासमोर कधी न खुलणारा तिचा चेहरा त्या आवाजानं खुलायचा. ती हातची जाणार, या धास्तीनं इलारियोला घास गोड लागत नव्हता.

एका रात्री त्यानं विचारलं, टकल्याकडे बघून का हसलीस. गोष्टीला हसले, ती म्हणाली. त्यानं तिचं मनगट असं पिरगाळलं की सकाळी ती फडकं बांधून कामावर आली. दारात हात सापडला, असं सगळ्यांना सांगितलं. विश्वास कुणीच ठेवला नाही.

कारखान्याची रीत जुनी. वाचलेलं आवडलं तर तंबाखूचं पान कापायचं पातं मेजावर वाजवायचं, नावडलं तर जमिनीवर टाकायचं. त्या दिवशी कादंबरीतल्या जमीनदारानं बायकोला खिडकीत गाताना पकडलं. कुणासाठी गातेस, म्हणून थोबाडीत मारली, खोलीत कोंडलं, किल्ली खिशात घातली. पाती खणाखण खाली पडली.

इलारियोचं काळीज मात्र थंड झालं. एक तरी मर्द भेटला! त्याचं पातं मेजावर वाजू लागलं. एकट्याचंच.

बाल्दोमेरो वाचायचा थांबला. सगळ्यांनी इलारियोकडे पाहिलं, मग नेरेइदाच्या फडक्याकडे.

"पोरी," म्हातारी क्लोतिल्दे म्हणाली, "त्या दाराला मिशा आहेत, हे नव्हतं सांगितलंस."

"मी गोष्टीला वाजवलं," इलारियो पुटपुटला.

"मीही गोष्टीलाच हसले होते."

नेरेइदानं फडकं सोडून त्याच्या मेजावर ठेवलं. काळंनिळं मनगट सगळ्यांना दिसलं. ती आपलं पातं घेऊन क्लोतिल्देशेजारी जाऊन बसली आणि संध्याकाळी म्हातारीच्याच घरी निघाली.

फाटकापाशी इलारियो आडवा आला. "असं आहे तरी काय त्या टकल्यात?"

"दिवसभर बोलतो तो," ती म्हणाली. "एकदाही दचकले नाही मी."

ती गेली. इलारियोला तेव्हाही राग आला तो टकल्याचाच.