पदराचं टोक

खडी फोडायच्या कामावर कुणाच्या डोळ्यात कपची उडाली, की हाक मथुराबाईला जायची. ती चूळ भरायची, माणसाचं डोकं मांडीवर घ्यायची, दोन बोटांनी पापणी ताणायची आणि जिभेच्या शेंड्यानं कण अलगद टिपून घ्यायची. आईकडून शिकली होती. बहात्तरचा दुष्काळ होता. विहिरींचे तळ दिसत होते आणि बेंबळीच्या रस्त्याला सगळं गाव हातोडे घेऊन बसलं होतं. मथुराबाई बौद्धवाड्यातली, पण कामावर तो विषय कुणी काढत नव्हतं.

तिच्या शेजारी तात्यारावांची बायको अयोध्या बसायची. तात्याराव चांगले जमीनवाले, पण त्या साली त्यांच्याही घरातल्या बाईला रस्त्यावर यावं लागलं. एकदा अयोध्याच्या डोळ्यात कपची रुतली आणि ती धुळीत लोळायला लागली. मथुराबाईनं तिला मांडीवर दाबून धरलं. कण लवकर निघेना. निघाला तेव्हा जिभेवर रक्ताची खारट चव आली. डोळा वाचला. मग दोघी कामावर मिळणारी सुकडी एका फडक्यात घेऊन खायला लागल्या, एकमेकींना अगं-तुगं करायला लागल्या.

पुढं पाऊसपाणी सुधारलं. काही वर्षांनी गावात दूध संस्था निघाली आणि तात्याराव चेअरमन झाले. मथुराबाईला सोलापूरच्या भावानं म्हैस घेऊन दिली होती. पहिल्याच दिवशी ती किटली घेऊन गेली, तर माप घेणाऱ्या श्रीपतीनं कॅनवर हात आडवा धरला. चेअरमनला विचारतो, म्हणाला.

संध्याकाळी संस्थेच्या ओट्यावर बैठक बसली. हिचं दूध कॅनमध्ये पडलं तर आमचं घालणार नाही, असं चारपाच जणांनी सांगून टाकलं. आपलं काही नाही, पण लोकांचं मन मोडता येत नाही, असं तात्याराव म्हणाले. मथुराबाई ओट्याखाली उभी होती. भांडायचं तिच्या मनात नव्हतं. बायकांच्या घोळक्यात, सासूच्या मागं तिला अयोध्या दिसली आणि तिला धीर आला.

"खडीवर माझ्या जिभेचा कुणाला इटाळ झाला न्हाय," ती म्हणाली. "अयोध्याबाई, तुमीच सांगा. तुमच्या डोळ्यातला कण म्या कसा काढला?"

सगळ्यांच्या माना वळल्या. सासूही मागं वळली. अयोध्यानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"पदराच्या टोकानं काढला," ती म्हणाली. "जीभबीभ काय लावली न्हाय."

कुणीतरी हसलं. ओट्यावर बसलेल्या निम्म्या माणसांचे डोळे तिनं साफ केले होते. तिनं एकेकाकडं पाहिलं, तसा जो तो खाली बघायला लागला. तिनं किटली उचलली आणि ती घरी आली.

दुसऱ्या दिवसापासून ती चालत बेंबळीला जायला लागली. तिथं गुंडप्पाच्या चहाच्या हॉटेलात दूध घेत. त्यानं दूध बघितलं, बाकी काही विचारलं नाही.

एकदा बेंबळीच्या वाटेवर अयोध्यानं तिला गाठलं. बरोबर चालायला लागली. मग म्हणाली, "सासूबाई हुत्या. समदं गाव बसलं हुतं. म्या काय करणार, तूच सांग."

"व्हय," मथुराबाई म्हणाली. "समदं गाव बसलं हुतं, म्हणून तर तुमाला इचारलं."

दोघीच असतानाही आलेल्या त्या 'तुमाला'नं अयोध्या जागच्या जागी थांबली. मथुराबाई पुढं चालत गेली.

पुढं कधीतरी वरून दूध खात्याचा साहेब आला आणि दूध कुणाचंही घ्या, नाहीतर संस्था बंद करीन, असं बजावून गेला. तात्यारावांनी बौद्धवाड्यात निरोप धाडला. मथुराबाई गेली नाही. तोवर घरात आलेली सून किटली घेऊन गेली, आणि दूध मुकाट्यानं कॅनमध्ये पडलं.

"अयोध्याबाई भेटल्या हुत्या, आत्या," परत आल्यावर सून म्हणाली. "तुमचं कसं हाय, इचारत हुत्या."

मथुराबाईनं म्हशीपुढं कडबा टाकला आणि ती शेण गोळा करायला बसली.