लाल शाई

पार्सल कस्टममधून सोडवून द्यायची दलाली कुरिअरवाल्याने फोनवर सांगितली आणि माझं टाळकंच सटकलं. "एक फॉर्म भरायचे एवढे पैसे? माझं मी सोडवीन!" म्हणून मी फोन आपटला. सव्वीस वर्षं शाळेत शिकवतेय. 'परत लिहून आण' म्हणून वह्या फेकणारी बाई मी. मला फॉर्म भरता येणार नाही?

पार्सलमध्ये बाबांचं कानाचं यंत्र होतं, परदेशातल्या कंपनीने दुरुस्त करून पाठवलेलं. संध्याकाळी काका येणार होते, बाबांचे धाकटे भाऊ. अकरा वर्षांनी, तेही एका मुक्कामापुरते. यंत्राशिवाय बाबांना दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही.

"आजच्या दिवस भर की पैसे," नवरा म्हणाला. मी ऐकतेय होय! रजा टाकली आणि निघाले. बाबा घरी थांबायला तयारच नव्हते, तेही आले.

कस्टमच्या ऑफिसात बाबा बाकावर बसले, मी रांगेत. तासाभराने खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म वाचला. 'कारण' या रकान्यात मी बाबांच्या कानाची सगळी कहाणी लिहिली होती, पार मागच्या पानापर्यंत.

"बाई, निबंध नकोय. 'दुरुस्तीहून परत' एवढंच हवं. परत लिहून आणा."

परत लिहून आणा! मला! कानशिलं तापली. रागारागात दुसरा फॉर्म भरला आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला उभी राहिले. तो तर त्याने हातातही घेतला नाही.

"लाल शाईने? अहो, लाल शाई तपासणाऱ्याची. परत लिहून आणा."

पहिला फॉर्म घरी नवऱ्याच्या पेनने भरला होता; माझ्या पर्समध्ये पाच पेनं, पाचही लाल. आता कुणाच्या नावाने बोटं मोडणार? रांगेतल्या एकाचं निळं पेन मागून घेतलं. तिसऱ्यांदा खिडकीशी पोचले तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती, आणि चारला खिडकी बंद.

कारकून ओळीवर बोट ठेवून वाचत गेला आणि थांबला. "इथे यंत्राची किंमत लिहिलीत. दुरुस्तीचा खर्च लिहायचा होता."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मागे पाहिलं. बाबा यंत्राची रिकामी डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. मला भर ऑफिसात रडू फुटलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. हे वाक्य याआधी कधी म्हटलं होतं, देव जाणे.

त्याने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "द्या ते तुमचं लाल पेन." जोडलेली दुरुस्तीची पावती बघून त्याने आकडा खोडला, वर बरोबर आकडा लिहिला आणि बाजूला सही केली. "एवढं चालतं, बाई."

संध्याकाळी काका सवयीने बाबांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते. "ओरडतोस कशाला रे? येतंय ऐकू!" बाबा खेकसले, आणि दोघेही हसत सुटले. मला इतकं बरं वाटलं की नवऱ्याने "मग, वाचली का दलाली?" असं विचारलं तरी मी भांडले नाही.

आतल्या खोलीत वह्या तपासायला बसले. तिसऱ्याच वहीत एका मुलीने बेरीज बरोबर केली होती, पण उत्तर भलत्याच रकान्यात. हात सवयीने 'परत' लिहायला सरसावला. मग मी ते उत्तर खोडलं, योग्य रकान्यात लिहिलं आणि बाजूला सही केली.