सुरईखालची मी

मित्रांनो, मोटार दिसली की तुम्ही बॉनेट उघडून इंजिनाकडे बघता. मागच्या चाकांच्या मधोमध, गाडीच्या पोटाखाली वाकून कोणी बघत नाही. तिथे लोखंडाच्या गोल डब्यात, तेलात बुडून राहणारी मी एक जुनी दातेरी जोडी आहे. माझं लहान चाक तेरा दातांचं, मोठं कडं चाळीस दातांचं. इंजिनाकडून येणारा दांडा तीनदा आणि वर थोडासा फिरला की मी मागची चाकं एकदा फिरवते. एवढंच माझं काम. पण गाडी उसळते की डुलते, पळते की किंचाळते, हे त्या एवढ्याशा हिशेबावरच ठरतं. बढाई नाही मारत, खरं तेच सांगते.

माझा जन्म अमेरिकेतला. आम्हा दोघांना तिथे एकमेकांवर घासून, दाताला दात जुळवून घेतलं होतं. तेव्हापासून हे कडं त्या लहान चाकाचं आणि ते लहान चाक या कड्याचं. दुसऱ्या कोणाशी आमचं जमत नाही. दोन दारांच्या, आठ सिलिंडरच्या एका दांडगट मोटारीत बसून मी दिल्लीला आले. दोन-तीन मालक झाले आणि शेवटी गाडी लखनौला, दत्तात्रय देवपुजारींच्या दारात येऊन थांबली. हे मूळचे वर्ध्याचे, रेल्वेत इंजिनियर, मानकनगरच्या कॉलनीत राहणारे. त्यांची बायको मालिनी बँकेत होती. मुलगी अश्लेषा कॉलेजात; तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

गाडीवर साहेबांचा भारी जीव. रविवारी सकाळी हज़रतगंजला चक्कर ठरलेली. रिक्षावाले वळून बघायचे, चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहायचे. ते कौतुक बॉनेटच्या वाट्याला जायचं, पण मी खाली मजेत गुणगुणत असायची.

शहाण्णव साली मात्र माझे ग्रह फिरले. हज़रतगंजच्या सिग्नलला एक नवीकोरी छोटी गाडी आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. दिवा हिरवा झाला आणि ती भुर्रकन पुढे गेली. वर तिच्या ड्रायव्हरने खिडकीतून हातही हलवला.

"गेला तर गेला," मालिनीताई म्हणाल्या. "घाईची लागली असेल बिचाऱ्याला."

साहेबांना हसू आलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी मलाच धारेवर धरलं. जेवताना, चहा पिताना, एकच विषय. "मालगाडीच्या इंजिनाचे दाते वेगळे असतात, मेलगाडीचे वेगळे. आपल्या गाडीला मेलचे दाते आहेत, म्हणून सुरुवातीला ती सुस्त वाटते. ओढ हवी, ओढ!"

"मग आता आपण काय कोळसा वाहायचा का?" मालिनीताईंनी विचारलं.

साहेबांनी गाडीच्या जुन्या पुस्तकातून टायरचा आकडा घेतला, भागाकार केला आणि दिल्लीहून दुसरी जोडी मागवली. दहा दातांची आणि एक्केचाळीस दातांची. तिच्या हिशेबाने इंजिन चारदा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. लखनौच्या लालबागेतले एजाज़ मिस्त्रीही खूश झाले. "जनाब, अब ये गाड़ी नहीं, चीता है!" असं म्हणत त्यांनी मला बाहेर काढलं, पोत्यात गुंडाळलं आणि डिकीत टाकलं. इतक्या वर्षांची नोकरी, आणि निरोप मिळाला पोत्यात.

घरी आल्यावर मला पाहिलं ते मालिनीताईंनी. उन्हाळा होता आणि पाण्याची सुरई सारखी कलंडायची. त्यांनी माझं कडं खाली ठेवून त्यावर सुरई बसवली आणि लहान चाक स्वयंपाकघराच्या दाराला अडसर म्हणून लावलं. अर्धी मी सुरईखाली, अर्धी दाराशी. दिवसभर एकमेकांकडे बघत बसायचो. सुरई पाझरायची आणि मला गंजाची धास्ती वाटायची. पण फरशीवर डाग नकोत म्हणून मालिनीताई मला नेमाने पुसून मोहरीचं तेल चोळायच्या. दाराशी वाकून लहान चाकालाही लावायच्या. त्या तेलानेच मी तगले.

एकदा अश्लेषाने दारातलं चाक उचललं. "मम्मी, कबाड़ी आया है, ये लोहा दे दूँ?"

"अगं, जोडीतलं एक जोडवं कोणी देतं का?" मालिनीताई म्हणाल्या. "ठेव तिथे." माझा जीव भांड्यात पडला.

गावात तर नव्या जोडीचं नाव झालं होतं. सिग्नलवरून गाडी अशी उसळायची की मागच्या सीटवरच्या पिशव्या खाली पडायच्या. मग साहेबांच्या बदलीचा हुकूम आला, नागपूरचा. मालिनीताईंनाही तिथली शाखा मिळाली. गाडी चालवतच न्यायची असं साहेबांनी जाहीर केलं, आणि सराव म्हणून तिघं कानपूरला जाऊन आली. मी काही सोबत नव्हते. पण परत आल्यावर जे भांडण झालं ते सुरईखाली बसून शब्द न् शब्द ऐकलं.

"कान किटले माझे! जाताना घसा फाटेस्तोवर ओरडले, तरी तुमचं आपलं 'काय? काय?'" मालिनीताई कडाडल्या.

"पापा, हाईवे पे तो ट्रैक्टर लग रही थी," अश्लेषाने तेल ओतलं.

"अगं, पण वेग बघितलास? काटा सारखा ऐंशीवर होता."

"काटा ऐंशीवर आणि मैलाचे दगड रांगत येत होते," मालिनीताई म्हणाल्या. "ट्रक आपल्याला मागे टाकून जात होते. तुमचा काटा खोटारडा आहे. आणि ऐका, मी साध्या आवाजात बोललेलं ज्या गाडीत ऐकू येत नाही, त्या गाडीने मी नागपूरला येणार नाही. मी रेल्वेने जाईन. गाडी इथेच विका."

साहेबांचा चेहरा उतरला. गाडी विकायची म्हणजे त्यांना स्वतःचा हात तोडून देण्यासारखं होतं. रात्री ते नीट जेवलेही नाहीत, पण दगडांची गोष्ट डोक्यातून जाईना. सकाळी त्यांनी टायरवर खडूची रेघ मारली, तशीच एक जमिनीवर मारली आणि गाडी हळूहळू ढकलली. टायरची रेघ पुन्हा खाली आली तिथे दुसरी खूण करून दोन्हींमधलं अंतर फितीने मोजलं. कॉलनीतली माणसं जमली. मोजून झाल्यावर साहेबांनी कपाळावर हात मारला.

मूळ मापाचे टायर आपल्याकडे मिळत नाहीत, म्हणून गाडीला कधीचेच लहान टायर बसवलेले होते. चाक लहान असलं की तेवढ्याच रस्त्याला ते जास्त वेळा फिरतं, म्हणजे ओढ आपोआप वाढते. जी ओढ साहेबांना हवी होती, तिच्यातली थोडी माझ्याकडे आधीच होती! नवी जोडी आल्यावर त्या ओढीचा अतिरेक झाला, आणि दांड्याचे फेरे मोजून वेग दाखवणारा काटा तर पार बहकला.

"ऑफिसात इंजिनाच्या झिजलेल्या चाकांचा व्यास बघितल्याशिवाय मी सही करत नाही," साहेब म्हणाले. "आणि स्वतःच्या गाडीच्या हिशेबात पुस्तकातलं चाक धरून बसलो!"

"मग आता?" मालिनीताईंनी विचारलं.

साहेबांनी सुरईकडे पाहिलं. "तुझी सुरई जरा उचलतेस का?"

एजाज़ मिस्त्रींनी दातांना निळा रंग लावून मला फिरवून पाहिलं. जुन्याच जागी, जुनेच ठसे उमटले. "माशाअल्लाह, ज़ंग का एक दाग़ नहीं! किसने रखा था इन्हें?" साहेबांनी शेजारी उभ्या मालिनीताईंकडे बोट दाखवलं. वेगाचा काटा फिरवणारं छोटं दातेरी चाकही साहेबांनी टायरच्या मापाप्रमाणे बदलून घेतलं.

रविवारी पुन्हा कानपूर रोड. सिग्नलवरून एक स्कूटर आमच्या आधी सुटली. साहेबांनी तिला खुशाल जाऊ दिलं. मोकळ्या रस्त्यावर काटा ऐंशीवर आला, खरा ऐंशी. इंजिन संथ होतं आणि मी जुन्या सुरात गुणगुणत होते. मला कळत होतं, ही आमची परीक्षा होती. आलमबागची वस्ती केव्हाच मागे पडली होती.

मित्रांनो, सिग्नलवरची उसळी क्षणभराची असते, रस्ता लांबचा असतो. निवड करायची ती रस्त्याकडे बघून करा. जुनं काही काढून ठेवलंत तर तेलाचं बोट लावायला विसरू नका, आणि जोडी तेवढी फोडू नका.

मालिनीताई खिडकीबाहेर आंब्याच्या बागा बघत होत्या. मान न वळवता, नेहमीपेक्षाही हळू आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, गाडी विकू नका."

"बरं," साहेब म्हणाले.