पॉपच्या बंदुकीवरचे ठिपके

ह्या वेळेला मी खरंच काही केलेलं नव्हतं, आणि नेमकी ह्याच वेळेला लमारने माझी गचांडी धरली.

लमार माझा थोरला भाऊ. पॉप, म्हणजे आमचा बाप, गेला तेव्हा त्याची बंदूक लमारकडे आली. नळीचा रंग पार उडालेला. सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार, आणि लमारला ती पॉपच्या वेळेसारखी काळीभोर करून रानात न्यायची होती. म्हणून तळघरात उद्योग: नळीला औषध चोपडायचं, गंज चढू द्यायचा, मग पाण्यात उकळायची. तांबडा गंज काळा पडतो. घासायचा, परत औषध. पण दर उकळीला नळीवर राखाडी ठिपके, बुरशी लागल्यासारखे.

"अर्विन, तूच माझ्या हातमोज्यांना तेल फासलंस! तेल लागलं की तिथे गंज धरत नाही!"

"नाही फासलं."

"माझ्या बुटात काकवी कोणी ओतली होती?"

"ती मी. हे नाही."

"पॉपच्या बंदुकीचीही मस्करी? लाज वाटत नाही?"

माझं टाळकंच सरकलं. पॉप माझाही बाप नव्हता काय? "गाढवा, विहिरीच्या पाण्यात चुना आहे! दुकानातनं डिस्टिल्ड पाणी आण!"

झालं. आमच्या खोऱ्यात माणूस बायकोची निंदा ऐकून घेईल, विहिरीची नाही. "पणजोबाच्या विहिरीला नावं ठेवतोस? चालता हो!"

त्याची बायको आर्डिथ ह्या आरडाओरड्याला वैतागली. तिने औषध लावून गंजवलेले दोन खिळे उकळले: एक विहिरीच्या पाण्यात, एक इस्त्रीसाठी आणलेल्या डिस्टिल्ड पाण्यात. पहिला ठिपक्याठिपक्यांचा, दुसरा कुळकुळीत.

लमारने दोन्ही खिळे उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणतो, "ह्या बाटलीत अर्विनने काय टाकलंय?"

"सील मी फोडलंय, मूर्खा!" आर्डिथने फडकं आपटलं.

"मी स्वतः आणतो. ह्याचा हात लागलेलं नको मला!" दार धाडकन लावून गेला.

मीही पेटलेलोच. दुकानवाल्या डॉइलला फोन लावला.

लमार पाण्याचे कॅन घेऊन परतला तो लालबुंद. नळी उकळली, पुसली. एक ठिपका नाही. पॉपच्या हातातल्यासारखी काळी. तेलाचा हात फिरवताना माझ्याकडे न बघता गुरगुरला, "सगळी रांग विचारत होती, विहीर आटली का रे, लमार? तूच सांगितलंस ना?"

"हो," म्हटलं. "हे मात्र मी."

ओला हातमोजा फाडकन माझ्या तोंडावर बसला.